गोट्यांचा गोठा : नाताळसाठी दगड रंगवताना

ओटीवरची | १६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

आम्ही वसईचे. नाताळच्या गोठ्यातल्या आमच्या प्लास्टरच्या मूर्ती खूप जुन्या. मेंढपाळाचा हात आणि एका राजाचा मुकुट केव्हाच गेलेला. गेल्या वर्षी माझी लेक, तेव्हा आठ वर्षांची, म्हणाली, "आई, नवीन आणू नको, आपण दगडांचे करू." मे महिन्यात कोकणातल्या एका किनाऱ्यावरून तिनं पिशवीभर गोटे वेचून आणले होते, ते पलंगाखाली पडून होते. त्यातला उभट गोटा योसेफ झाला, खाली रुंद आणि वर निमुळता तो मरीया, तीन जवळजवळ सारखे ते तीन राजे. मेंढरांना तर फारसं काही करावंच लागलं नाही.

आठवडाभर रोज संध्याकाळी दोघी बसायचो. मरीयेला निळ्या झग्याऐवजी माझ्या आजीसारखं लाल चौकडीचं लुगडं नेसवलं. योसेफाच्या खांद्यावर टॉवेल. बाळ येशू म्हणजे बदामाएवढा एक पांढुरका खडा. त्याचे मिटलेले डोळे लेकीनं टाचणीच्या टोकानं काढले, दोन बारीक कमानी, श्वास रोखून.

मध्यरात्रीच्या मिस्साहून आलो तेव्हा सगळं छान होतं. नंतर दोन दिवस दाट दव पडलं आणि आमची ओटी उघडी. २७ तारखेला योसेफाच्या तोंडावर पांढरी पूड दिसली. मग पोपडे सुटायला लागले. एक जानेवारीला लेकीनं बाळ उचललं तर त्याचा चेहरा तिच्या बोटांना लागून आला. ती रडली नाही, नुसती बोटांकडे बघत राहिली. मला ते अजून विसरता येत नाही.

यंदा पुन्हा करायचं आहे आणि या वेळी ते टिकायला हवं. वज्रेश्वरीजवळ तानसा नदीच्या कडेला मामाचं शेत आहे, तिथून तीस-एक गोटे आणलेत. गेल्या वर्षी पोस्टर कलर वापरले होते, दुकानदारानं "कशावरही बसतो" म्हणून दिले होते. कोणता रंग घ्यावा? आधी काही लावायचं का? वरून वॉर्निश मारायचं तर कधी? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सविस्तर लिहा. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू व्हायच्या आत कामाला लागायचंय.

चैत्रपालवी | १६ नोव्हेंबर, रात्री ११:१५

बाळाच्या चेहऱ्याचं वाचून गलबललं. धागा फार वेळेवर आला. आमच्या पुण्यातल्या सोसायटीतली मुलं ख्रिसमस ट्रीखाली ठेवायला दगड रंगवणार आहेत आणि ते काम माझ्या गळ्यात आहे. वाचतेय.

हिरवी_बांगडी | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

एक गोष्ट आधी सांगते, कारण ती जिवावरची आहे. दगड लवकर वाळावेत म्हणून गॅसवर किंवा ओव्हनमध्ये तापवू नका. मी एका शिबिरात ऐकून लोखंडी तव्यावर सहा गोटे ठेवले होते. दहा मिनिटांत एक फटाक्यासारखा फुटला, कपची ओट्यावरच्या बरणीला लागून बरणी तडकली. मुलगा दारातच उभा होता. आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि दगड फुटतो. उन्हातच वाळवा, चार दिवस जास्त गेले तरी चालतील.

जांभा | १७ नोव्हेंबर, रात्री ९:०५

हिरवी_बांगडी यांनी लिहिलंय ते प्रत्येकानं लक्षात ठेवावं.

मी रत्नागिरीचा, भूगर्भशास्त्र शिकवतो आणि घरी दगड रंगवतो. ओटीवरची, तुमचा हात कुठेही चुकला नव्हता. दोन गोष्टी नडल्या : मीठ आणि गोंद.

मीठ असं. समुद्रातला गोटा वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात असतो. त्याच्या बारीक छिद्रांत आणि चिरांत मीठ बसतं. पलंगाखाली तो कोरडा वाटतो, पण हवेत दमटपणा आला की मीठ पाणी ओढून घेतं, विरघळतं, पृष्ठभागाकडे येतं आणि वाळताना तिथं पुन्हा स्फटिक धरतं. तो स्फटिक वरच्या रंगाला ढकलतो. जुन्या भिंतीला लोणा लागतो आणि चुन्याचे पोपडे पडतात, अगदी तेच. योसेफाच्या तोंडावरची पांढरी पूड म्हणजे लोणाच.

गोंद असा. पोस्टर कलरमधली पूड धरून ठेवतो तो पाण्यात विरघळणारा गोंद. वाळला तरी पुन्हा ओला झाला की सुटतो. कागदावर त्याचं काही बिघडत नाही, दवात बिघडणारच. अ‍ॅक्रिलिकचं वेगळं आहे. त्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणून अ‍ॅक्रिलिकच घ्या.

तानसेचे गोटे गोड्या पाण्यातले, त्यामुळे मिठाची काळजी नाही. पण नदीच्या दगडावर शेवाळ्याचा न दिसणारा थर असतो. घासणी आणि भांड्यांच्या साबणानं खसखसून घासा, साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा, मग तीन-चार दिवस चांगलं ऊन द्या. रोज उलटेपालटे करा, कारण खालची बाजू ओली राहते. समुद्राचे जुने गोटेही फेकू नका. बादलीत गोड्या पाण्यात पाच-सहा दिवस बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. नंतर वाळवून आठवडाभर नुसते ठेवून बघा. पांढरं आलं तर पुन्हा बादलीत.

वाळल्यावर पांढऱ्या प्रायमरचा एक पातळ हात. चित्रकलेच्या दुकानात जेसो मिळतो, नसेल तर भिंतीचा पांढरा प्लास्टिक इमल्शन पाणी घालून पातळ करा. काळ्या दगडावर थेट लाल-पिवळा लावला तर रंग मळका दिसतो आणि चार हात मारले तरी उठत नाही. खाली पांढरं असलं की दोन हातांत काम होतं. गोटा फार गुळगुळीत असेल तर आधी पॉलिश पेपर फिरवा, रंगाला धरायला जागा मिळते.

वॉर्निश चित्र पुरं झाल्यावर निदान एक दिवस थांबून. मार्करनं रेघा काढल्या असतील तर आधी चार दगडांच्या मागच्या बाजूला वॉर्निश लावून बघा. काही मार्करची शाई त्यानं पसरते, आणि चेहऱ्यावर पसरली की सगळं गेलं.

तुमच्याकडचा दगड बहुतेक काळा पाषाणच असेल, आपला दख्खनचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यावर बारीक खळगे दिसले तर ते लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांचे. कधीकधी त्यात पांढरे स्फटिक भरलेले असतात. असा एखादा सापडला तर रंगवू नका, तसाच ठेवा. गोठ्याच्या आकाशात चांदण्या म्हणून शोभेल.

ओटीवरची | १७ नोव्हेंबर, रात्री १०:२०

जांभा, तुमचे किती आभार मानू. लोणा! आमच्या विहिरीच्या भिंतीला दर वर्षी लागतो आणि मला तो दगडावर ओळखता आला नाही. लेकीला वाचून दाखवलं. ती लगेच उठली आणि पलंगाखालचे जुने गोटे बादलीत टाकून आली. पोपडे उडालेलं बाळही.

मांडवीकाठ | १८ नोव्हेंबर, दुपारी १:३०

गोव्यातून. आमच्याकडे गोठो अंगणात असतो आणि त्यासाठी दोन आठवडे आधी गहू किंवा नाचणी पेरतात, म्हणजे नाताळला हिरवं शेत तयार होतं. त्या हिरव्यात रंगवलेले दगड काय सुंदर दिसतात! मी मेंढरं आणि मेंढपाळ दगडांचे करते, बाकी मूर्ती आजीच्या.

माझ्या हाताशी जांभ्या दगडाचे तुकडे, आणि जांभा रंग पितो. प्रायमर पहिल्या हाताला अर्धं पाणी घालून पातळ करावं, म्हणजे आत मुरतं. ते वाळल्यावर दुसरा हात घट्ट. थेट घट्ट लावलं तर वर साय धरल्यासारखं राहतं आणि नखानं निघतं. हल्ली मी गोठ्याच्या मागची गुहा जांभ्याची करते आणि ती रंगवतच नाही. त्या तांबूस भिंतीपुढे पांढरी मेंढरं उठून दिसतात.

गोठ्याची रीत सुरू झाली ती इटलीतल्या ग्रेच्चो गावात, १२२३ साली. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी तिथं गुहेत खरी गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव ठेवून नाताळ केला. म्हणजे पहिल्या गोठ्याची भिंतही डोंगराच्या दगडाचीच.

चैत्रपालवी | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१०

मुलांसाठी सोपे आकार सुचवा ना. मी ठरवलेत ते स्नोमॅन, सांता, हिरव्या पानांत लाल फळं आणि तिकोनी झाड. स्नोमॅन सगळ्यात सोपा वाटतो, पांढरा गोटा, दोन डोळे, गाजराचं नाक.

मांडवीकाठ | १८ नोव्हेंबर, रात्री ८:००

स्नोमॅन करा, पण त्यावर थांबू नका. पुण्यातल्या मुलांनी बर्फ पाहिलेला नाही, ती छापील चित्राची नक्कल करतील आणि पंधरा दगड एकसारखे होतील. त्यांनी पाहिलेलं काढू द्या. माझ्या भाचीनं गेल्या वर्षी मेंढपाळाच्या हातात घोंगडी आणि शेजारी आमचं कुत्रं काढलं. आमच्या अंगणातला सगळ्यात जिवंत दगड तोच.

उत्तरध्रुव | १९ नोव्हेंबर, पहाटे ४:४५

मी अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथला राहते, सुपीरियर नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठी. इथं बर्फ गुडघाभर, आणि माझी मुलं दगडांवर नारळाची झाडं काढतात, कारण आजीच्या घरी नाताळ तसा असतो. मांडवीकाठ यांचं म्हणणं मला मनापासून पटलं.

जांभा यांना आवडेल म्हणून सांगते : या तळ्याच्या उत्तर काठावरही काळा लाव्हाचा दगडच आहे, फक्त तो सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा सह्याद्रीतल्या वाटेवर उभी आहे असं वाटलं होतं. इथल्या राज्य उद्यानांतून मात्र एकही दगड उचलायला परवानगी नाही, त्यामुळे आम्ही बागसामानाच्या दुकानातून पोतं आणतो.

इथं बाहेर ठेवलेल्या दगडाचा रंग दवानं नाही तर गोठण्यानं जातो. भेगेत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि रंग उचकटतं. म्हणून तळालाही वॉर्निश मारायचं. सगळे वरून मारतात, तळ विसरतात, आणि पाणी तिथूनच चढतं. तुमच्या ओटीवरच्या दवालाही हे लागू आहे.

आमच्याकडे गोठ्याशिवाय आणखी एक करतो. चोवीस चपटे गोटे, एका बाजूला १ ते २४ आकडे, दुसऱ्या बाजूला चित्र. १ डिसेंबरपासून रोज एक उलटायचा. चोविसाव्याच्या मागे फक्त तारा. धाकटा रोज सकाळी दात घासायच्या आधी धावत जातो.

सातपूरचे_काका | २० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

मी निवृत्त चित्रकला शिक्षक, नाशिकचा. आमच्या घरी नाताळ नसतो, पण हा धागा वाचताना सारखा दिवाळीचा किल्ला आठवत होता. माती, दगड, गुहा, आणि डोंगरउतारावर पेरलेले हळीव नाहीतर मोहरी. मांडवीकाठ यांचं गव्हाचं शेत आणि आमचं हळिवाचं रान, मुलांच्या हातचं काम एकच. दिवाळी संपली की तो किल्ला पावलं लागून मोडतो आणि त्यातले चांगले दगड कोपऱ्यात पडून राहतात. चाळीत आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब होतं. त्यांची मुलं आमच्याच किल्ल्याचे दगड नेऊन डिसेंबरात गोठा बांधायची, आणि आम्ही पोरं तो बांधायला जायचो. पुरंदरचा बुरूज बेथलेहेमची गुहा व्हायचा. ते दिवस फार सुखाचे.

आता कामाचं. चेहरा काढताना मुलं आधी डोळे काढतात आणि ते कपाळात जातात. त्यांना सांगा, तोंडाच्या उंचीच्या बरोबर मध्ये आडवी पुसट रेघ मारा, डोळे त्या रेघेवर. लहान दगडावर नाक काढूच नये. डोळे मिटलेले, ओठाची एक रेघ, बस. ठिपक्यांसाठी ब्रश नको, संपलेल्या रिफिलचं टोक, आगकाडी, कानातल्या काडीचा कापूस काढलेला भाग. प्रत्येकाचा ठिपका वेगळा पडतो.

माळ्यावरचे जुने ऑइल पेंटचे डबे मुलांना देऊ नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यात किती असेल सांगता येत नाही आणि मुलं बोटं तोंडात घालतात. तीन वर्षांखालच्या मुलांजवळ छोटे खडे तर नकोतच. स्प्रे वॉर्निश गच्चीत मारा, मुलांना लांब ठेवून.

जांभा | २० नोव्हेंबर, रात्री ८:१५

काका, पुरंदरचा बुरूज वाचून मन भरून आलं.

गव्हाणीबद्दल थोडं. आपण ती लाकडाची आणि गवताची करतो. पण त्या प्रदेशात उत्खननात दगडात कोरलेल्या गव्हाणी सापडल्या आहेत, इस्रायलमधल्या मेगिद्दो या प्राचीन नगरातल्या प्रसिद्ध आहेत. बेथलेहेमच्या जन्ममंदिरातही वेदीखाली जी जागा दाखवतात ती गुहा आहे, तिथं जमिनीत चौदा टोकांचा चांदीचा तारा बसवलाय. तेव्हा मधे खोलगट असलेला एखादा दगड मिळाला तर तीच गव्हाण करा. आपल्या गावाकडेही दगडी गव्हाणी होत्याच की.

ओटीवरची | २१ नोव्हेंबर, रात्री ९:५०

अहो, मामाच्या गोठ्यात खरंच दगडी गव्हाण होती! कडेला बैलांच्या जिभांनी गुळगुळीत झालेली. लहानपणी मी तिच्यात झोपून बघितलंय. हे इतक्या वर्षांत एकदाही जोडून पाहिलं नव्हतं. उद्याच खोलगट दगड शोधते.

चैत्रपालवी | १ डिसेंबर, रात्री १०:३०

आमचा रविवार झाला. अठरा मुलं, चाळीस दगड. काकांची आडवी रेघ सगळ्यांना शिकवली, फरक लगेच दिसला. स्नोमॅन तीनच झाले! बाकी रिक्षा, मनीमाऊ, पणती, एका मुलीची आजी स्वेटर विणताना, आणि एकानं पूर्ण दगड काळा ठेवून एकच पिवळा ठिपका दिला. "हा रस्त्यात असताना दिसणारा तारा," म्हणाला. तो झाडाखाली सगळ्यात पुढे ठेवलाय.

एक प्रश्न, सपाट दगड झाडाला टांगता येतील का?

उत्तरध्रुव | २ डिसेंबर, पहाटे ५:००

नाण्यापेक्षा थोडा मोठा आणि पातळ असेल तरच. तांब्याची तार उभी-आडवी गुंडाळून वर फास करा, नुसत्या चिकटवलेल्या दोऱ्यावर विसंबू नका. टांगायचा खोडाजवळच्या जाड फांदीला, टोकाला नाही. मूठभर गोटा पाव किलोचा असतो, तो झाडाखालीच बरा.

ओटीवरची | २१ डिसेंबर, रात्री ११:२०

आज मांडला. सगळ्यांना सांगायलाच हवं.

तानसेचे गोटे पाच दिवस उन्हात, पॉलिश पेपर, प्रायमर, अ‍ॅक्रिलिकचे दोन हात, दोन दिवस थांबून वॉर्निश, तळालासुद्धा. खोलगट दगड मामानंच शोधून दिला, करवंटीएवढा. तो रंगवला नाही, फक्त आत थोडं भाताचं तण ठेवलं. मरीयेला यंदाही लाल लुगडं. लेकीनं काठाला आगकाडीनं पिवळे ठिपके दिलेत, जवळून बघितलं तर प्रत्येक ठिपक्यात काडीच्या टोकाचा चौकोन दिसतो. राजांच्या हातात सोनं, ऊद, गंधरस. एक राजा तिनं केळीचा लोंगर घेऊन येणारा केलाय, कारण वसईत आल्यावर कुणीही केळी घेऊनच जाणार. मी "तिघांच्याच भेटी लिहिल्यात" म्हणाले, तर म्हणाली, "शुभवर्तमानात तीन भेटी आहेत, राजे तीन असं कुठे लिहिलंय?" धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलं होतं तिनं, आणि ते बरोबर आहे. म्हणून यंदा आमच्याकडे चार.

बाळाचं तुम्हाला विचारायचं असेल. नवीन खडा घेऊ म्हटलं, ती नको म्हणाली. तोच पांढुरका खडा. सहा दिवस बादलीत, दहा दिवस खिडकीत. रोज सकाळी हातात घेऊन पांढरं आलंय का बघायची. दोनदा आलं, दोनदा पुन्हा बादलीत टाकला. तिसऱ्यांदा आलं नाही. परवा तिनं पुन्हा टाचणीनं दोन कमानी काढल्या. मी शेजारी बसून होते, माझाच हात थरथरत होता. चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी, बाळ तिच्या कंपासपेटीत आहे.

सातपूरचे_काका | २२ डिसेंबर, सकाळी ७:१०

चौथा राजा केळी घेऊन! पोरीला माझा आशीर्वाद सांगा. चाळीस वर्षं चित्रकला शिकवली, असं चित्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं पाहिलं.

हिरवी_बांगडी | २६ डिसेंबर, सकाळी ८:३०

नाताळच्या शुभेच्छा सगळ्यांना. ओटीवरची, दव पडलं का? बाळ कसं आहे?

ओटीवरची | ७ जानेवारी, रात्री ९:००

उत्तर द्यायला उशीर झाला, घरात पाहुणे होते, आणि फुगे-करंज्या तळायच्या गडबडीत मोबाइल हातात आला नाही.

दव पडलं, गेल्या वर्षीपेक्षा जास्त. सकाळी दगडांवर थेंब साचलेले असायचे, लेक फडक्यानं पुसायची. एकही पोपडा नाही. काल तीन राजांच्या सणानंतर गोठा उतरवला. एकेक गोटा वर्तमानपत्रात गुंडाळून चपलांच्या खोक्यात ठेवला, खोक्यावर लेकीनं नावं लिहिलीत. गुहेचे न रंगवलेले दगड मामाकडे परत जाणार.

फक्त गाढवाचा एक कान निघाला. कान मी इपॉक्सी पुट्टीचे लावले होते, प्रायमर झाल्यावर वरून. पुट्टीबरोबर प्रायमरचाही तुकडा आला. पुढच्या वर्षी काय करू?

जांभा | ७ जानेवारी, रात्री ९:४०

पुट्टी नेहमी प्रायमरच्या आधी, उघड्या दगडावर. ती जागा पॉलिश पेपरनं खरवडून खरखरीत करा, पुट्टी एक दिवस कडक होऊ द्या, मग दोन्हींवर एकदम प्रायमर. पुढच्या वर्षाची वाट कशाला बघता, आत्ताच करून टाका.

ओटीवरची | ७ जानेवारी, रात्री १०:३५

केलं. गाढव खोक्यातून परत बाहेर काढलं, खरवडलं, कान लावला. लेकीनं दोन्ही बाजूंनी आगकाड्यांचा टेकू दिलाय. खिडकीत सुकतंय.